लिंकन घराण्याच्या वंशावळीतील दुरुस्त्या : प्रारंभिक अमेरिकन दप्तरांचा पुरावा

२० डिसेंबर १८५९ रोजी अब्राहम लिंकन यांनी इलिनॉयमधील आपले स्नेही जेसी फेल यांच्या विनंतीवरून एक छोटेखानी आत्मनिवेदन लिहून पाठविले. अध्यक्षपदाची निवडणूक एका वर्षावर आली होती आणि पूर्वेकडील वृत्तपत्रांना या फारशा परिचित नसलेल्या वकिलाविषयी माहिती हवी होती. या निवेदनात पूर्वजांना मोजकीच वाक्ये मिळाली आहेत. आईवडील दोघेही व्हर्जिनियात सामान्य घराण्यांत जन्मले. आई हँक्स कुळातील होती. आजोबांचे नावही अब्राहमच होते. ते १७८१-८२ च्या सुमारास व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत गेले आणि एक-दोन वर्षांतच मूलनिवासींनी दबा धरून त्यांना ठार मारले. त्यांचे पूर्वज क्वेकर पंथाचे असून पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीतून आले होते. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी नाते जुळविण्याचा एक प्रयत्न झाला होता, परंतु दोन्हीकडे मोर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावे आढळतात यापलीकडे त्यातून काही निष्पन्न झाले नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे.

या मजकुरातील आजोबांच्या मृत्यूचा काळ चुकीचा आहे आणि पूर्वज क्वेकर असल्याचे विधान दप्तराशी जुळत नाही. उलट न्यू इंग्लंडशी असलेला जो संबंध लिंकन यांनी अनिर्णित म्हणून सोडून दिला, तोच खरा ठरला. आईविषयी तर त्यांनी कुळाच्या नावापलीकडे काही लिहिलेच नाही. या मौनातून पुढे जे प्रवाद निर्माण झाले त्यांनी एका स्त्रीच्या चारित्र्याला आणि राष्ट्राध्यक्षाच्या औरसतेलाच हात घातला. कुटुंबाच्या स्मृतीतील या चुका आणि नंतरच्या वंशावळकारांनी त्यांत घातलेली भर काउंटी न्यायालयांच्या दप्तरांनी कशी दुरुस्त केली, आणि त्याच दप्तराने एकदा अभ्यासकांना कसे चकविले, याचा हा परामर्श आहे.

दप्तराचे स्वरूप

वसाहतकालीन आणि प्रारंभिक अमेरिकेत जन्म-मृत्यूची सर्वत्र सारखी अशी सरकारी नोंद नव्हती. न्यू इंग्लंडमधील नगरांत ती बऱ्यापैकी ठेवली जाई. व्हर्जिनिया व केंटकीत सामान्य माणसाचे नाव कागदावर येई ते जमीन घेताना-विकताना, कर भरताना, विवाहाचा परवाना काढताना, साक्ष देताना किंवा मेल्यानंतर त्याच्या मालाची यादी होताना. यांपैकी एकही कागद वंशावळ सांगण्यासाठी लिहिलेला नाही. कारकुनाला कोणाच्या कुलाभिमानाशी कर्तव्य नव्हते आणि त्यामुळेच त्याची नोंद विश्वासार्ह ठरते. मराठी कुलवृत्तांतांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. कुळातील ज्येष्ठांची आठवण एक सांगते आणि वतनाचा कागद दुसरेच सांगतो, हा अनुभव येथेही नित्याचा आहे.

या दप्तराच्या वापरात तीन अडचणी येतात. पहिली काउंटीच्या सीमांची. वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली तशा जुन्या काउंट्या फोडून नव्या निर्माण करण्यात आल्या. बर्क्स काउंटी १७५२ मध्ये अस्तित्वात आली, म्हणून त्या भागात १७३६ मध्ये मरण पावलेल्या माणसाचे मृत्युपत्र फिलाडेल्फियात शोधावे लागते. रॉकिंगहॅम काउंटी १७७८ ची, तिच्या आधीचे व्यवहार ऑगस्टा काउंटीत. केंटकी हा १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. दुसरी अडचण पंचांगाची. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्षाचा प्रारंभ २५ मार्चला होत असे, त्यामुळे फेब्रुवारीतील एखादा दस्त दोन वर्षांच्या जोडनावाने, १७३५/३६ असा, लिहिलेला आढळतो. तिसरी अडचण वर्णलेखनाची. एकाच घराण्याचे नाव लिंकन, लिंकॉर्न, लिंकहॉर्न असे कारकुनाच्या कानाला ऐकू येईल तसे उतरले आहे. केंटकीतील ‘लिंकहॉर्न’ आणि मॅसॅच्युसेट्समधील ‘लिंकन’ ही दोन वेगळी कुळे असावीत, असा तर्क काही काळ करण्यात आला त्याचे मूळ येथे आहे.

हिंगहॅमपासून लाँग रनपर्यंत

न्यू इंग्लंडशी नाते शोधण्याचा प्रयत्न स्वतः लिंकन यांच्या हयातीतच झाला होता. १८४८ च्या मार्चमध्ये, ते काँग्रेसचे सदस्य असताना, मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅमचे इतिहासकार सॉलोमन लिंकन यांनी त्यांच्याकडे पूर्वजांविषयी पृच्छा केली. लिंकन यांनी दोन पत्रांतून माहीत होते ते कळविले. आजोबांपर्यंतची नावे, त्यांच्या भावांची नावे आणि पेनसिल्व्हेनियाची एक अंधुक परंपरा, एवढाच तो ऐवज होता. त्याच सुमारास व्हर्जिनियातील डेव्हिड लिंकन नावाच्या नातेवाइकाशीही त्यांनी पत्रव्यवहार केला. तथापि व्हर्जिनिया ते पेनसिल्व्हेनिया आणि पेनसिल्व्हेनिया ते मॅसॅच्युसेट्स हे दोन दुवे हाती लागले नाहीत आणि शोध तेथेच थांबला.

हे दुवे सापडण्यास आणखी चार दशके जावी लागली. सॅम्युअल शॅकफर्ड यांनी १८८७ मध्ये ‘न्यू इंग्लंड हिस्टॉरिकल अँड जीनिऑलॉजिकल रजिस्टर’ या नियतकालिकात लिंकन यांची वंशपरंपरा मांडली. तिचा आधार मृत्युपत्रे व खरेदीखते हा होता. सिच्युएट येथे १७२७ मध्ये मरण पावलेल्या मोर्डेकाय लिंकनच्या मृत्युपत्रात मोर्डेकाय व अब्राहम या पुत्रांची नावे आहेत. त्यांपैकी धाकटा मोर्डेकाय न्यू जर्सीत गेला, तेथे हॅना सॉल्टर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढे तो पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात शिरला. २२ फेब्रुवारी १७३५/३६ रोजी केलेल्या मृत्युपत्रात त्याने पेनसिल्व्हेनियातील जमीन मोर्डेकाय व थॉमस या मुलांना दिली आणि न्यू जर्सीतील जमिनीत जॉन या थोरल्या मुलाची तरतूद केली. निर्णायक ठरले ते यानंतरचे खरेदीखत. ८ नोव्हेंबर १७४८ रोजी जॉन लिंकनने न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन विकली आणि त्या खतात त्याचे वर्णन मोर्डेकायचा पुत्र व वारस असे करण्यात आले. त्या वेळी तो पेनसिल्व्हेनियात राहत होता. हाच जॉन पुढे १७६८ मध्ये व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकच्या काठी गेला आणि त्याचा पुत्र अब्राहम हा राष्ट्राध्यक्षांचा आजोबा होय. विकणाऱ्याला जमिनीवरील आपला हक्क सिद्ध करावयाचा होता, म्हणून त्याने बापाचे नाव लिहिले. दोन वसाहतींमधील लिंकनांना जोडणारा दुवा या एका व्यावहारिक गरजेमुळे टिकून राहिला.

शॅकफर्ड यांची मांडणी पुढे जे. हेन्री ली व जे. आर. हचिन्सन यांच्या १९०९ च्या ग्रंथाने आणि वॉल्डो लिंकन यांच्या १९२३ मधील विस्तृत कुलेतिहासाने इंग्लंडपर्यंत नेली. मूळ पुरुष सॅम्युअल लिंकन हा नॉरफोकमधील हिंगहॅमचा. १६३७ मध्ये नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज याच्यासोबत, त्याचा नोकर म्हणून, तो न्यू इंग्लंडला निघाला. प्रवाशांच्या तपासणीच्या यादीत त्याचे वय १८ नोंदले आहे, परंतु हिंगहॅमच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद १६२२ ची आहे. दोन्ही कागद समकालीन असून त्यांत तीन-चार वर्षांची तफावत आहे. परदेशी जाणाऱ्या नोकराने वय वाढवून सांगितले असण्याचा संभव अधिक आहे. मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम येथे त्या काळी थॉमस लिंकन नावाचे चार गृहस्थ राहत होते. गावकऱ्यांनी आणि कारकुनांनी त्यांना विणकर थॉमस, पिठाच्या गिरणीचा थॉमस, पिंपे बनविणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस असे ओळखले. सॅम्युअल हा विणकर थॉमसचा भाऊ. स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी बेंजामिन लिंकन हा पिंपवाल्या थॉमसच्या कुळातला. केंटकीतील लिंकन काउंटीला नाव मिळाले ते या सेनानीवरून, राष्ट्राध्यक्षांच्या आजोबांवरून नव्हे.

पूर्वज क्वेकर असल्याच्या परंपरेचा उगमही दप्तरातच सापडतो. पेनसिल्व्हेनियातील एक्झिटर परिसरात लिंकन घराण्याचे शेजारी बून हे क्वेकर होते आणि दोन्ही घराण्यांत विवाहसंबंध झाले. मोर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या अब्राहम या मुलाचा १७६० मध्ये अ‍ॅन बून हिच्याशी विवाह झाला, तेव्हा पंथाबाहेरील पुरुषाशी लग्न केल्याबद्दल क्वेकर सभेने तिला दोष दिला. सभेच्या इतिवृत्तातील ही नोंद नवऱ्याचे कुळ पंथाबाहेरचे होते हे परस्पर सांगून जाते. शेजाऱ्यांचा आणि सासुरवाडीचा धर्म दोन पिढ्यांनंतर व्हर्जिनियात स्वतःच्या पूर्वजांचा म्हणून आठवला गेला, एवढाच याचा अर्थ.

आजोबांच्या मृत्यूचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. लिंकन यांनी तो १७८४ च्या सुमारास घडल्याचे लिहिले आहे. परंतु आजोबांनी ४ मार्च १७८० रोजी १६० पौंड भरून घेतलेल्या ४०० एकरांच्या वॉरंटावरील जमिनीची मोजणी जेफरसन काउंटीत लाँग रन या ओढ्याकाठी ७ मे १७८५ रोजी झाली आणि मोजणीच्या कागदावर खुणा करणारा म्हणून खुद्द ‘अब्राहम लिंकहॉर्न’ याचे नाव आहे. १७८४ मध्ये मेलेला माणूस पुढच्या वर्षी झाडांवर खुणा करीत फिरू शकत नाही. त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा आदेश १७८८ मध्ये नेल्सन काउंटीच्या न्यायालयाने दिला. त्यामुळे मृत्यू या दोन वर्षांच्या दरम्यान पडतो. अभ्यासकांनी तो १७८६ चा मे महिना मानला आहे.

दोन वर्षांच्या या फरकात एका मुलाचे आयुष्य गुंतलेले होते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८५ मध्ये ज्येष्ठ पुत्राच्या एकाधिकाराची वारसापद्धती रद्द करणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी १७८७ पासून अंमलात आला. मृत्यू १७८६ मधला असेल तर मृत्युपत्र न करता मेलेल्या अब्राहमची सर्व स्थावर मालमत्ता मोर्डेकाय या थोरल्या मुलाकडे जाते आणि जोशाया व थॉमस यांना त्यात वाटा उरत नाही. १७८८ चा कागद पाहून कोणी मृत्यू त्याच वर्षीचा मानला, तर तिघेही समान वारस ठरतात. प्रत्यक्षात जमीन मोर्डेकायकडेच गेली. सुमारे आठ-दहा वर्षांचा थॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा पिता, भूमिहीन राहिला. शिक्षणाविना मोलमजुरी करीत वाढलेला मुलगा असे त्याचे जे वर्णन लिंकन यांनी केले आहे, त्यामागे आळस नसून वारसाकायद्यातील काही महिन्यांचा फेर होता.

आजीच्या नावाचा वादही येथेच निकालात निघतो. काही वंशावळकारांनी तिचे नाव मेरी शिपली असे दिले. केंटकीला जाण्यापूर्वी अब्राहमने १७८० मध्ये लिनव्हिल क्रीकची जमीन विकली, त्या खतात पत्नीचे नाव ‘बर्शेबा’ असे आहे. पतीच्या स्थावरावर पत्नीचा आयुष्यभराचा हिस्सा असे आणि तिने तो स्वतंत्रपणे सोडल्याखेरीज विक्री पूर्ण होत नसे. बर्शेबाची ही संमती १७८१ मध्ये नोंदविली गेली. हे खत फक्त १७८०-८१ मधील पत्नीचे नाव सिद्ध करते, त्याआधी दुसरी पत्नी नव्हती हे सिद्ध करीत नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो तर्काला धरून आहे. परंतु मेरी शिपलीच्या बाजूने तेवढ्या तोलाचा एकही कागद पुढे आलेला नाही. विल्यम ई. बार्टन यांनी बाथशेबा हेरिंग हीच अब्राहमची पत्नी व थॉमसची माता होय, असे प्रतिपादन केले आणि तेच आज ग्राह्य आहे.

केंटकीतील विवाहाचा कागद

वडिलांकडील चुका गैरसमजाच्या होत्या, आईवडिलांच्या विवाहाबाबत मात्र प्रश्न बदनामीचा होता. लिंकन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांनी चरित्रसाधने जमविण्यास आरंभ केला. थॉमस लिंकन केंटकीतील हार्डिन काउंटीत राहत असे, म्हणून विवाहाची नोंद तेथेच शोधण्यात आली. एलिझाबेथटाउनच्या दप्तरात २ डिसेंबर १८१९ चा थॉमस व सारा बुश जॉन्स्टन यांचा, म्हणजे दुसरा, विवाह मिळाला. पहिला मिळाला नाही. या दुसऱ्या नोंदीनेच तेथील जुने कारकून सॅम्युअल हेक्राफ्ट यांना चकविले होते. सारा हीच लिंकन यांची आई असावी, असे त्यांनी गृहीत धरले. २८ मे १८६० च्या पत्रात लिंकन यांनी ती चूक दुरुस्त केली आणि आईचे माहेरचे नाव नॅन्सी हँक्स असल्याचे कळविले.

दप्तरात नोंद नाही, यावरून विवाहच झाला नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना झाली. वॉर्ड लॅमन यांच्या नावाने १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात या अभावाचा सूचक उल्लेख आला. केंटकी आणि नॉर्थ कॅरोलिनात लिंकन यांचा जनक दुसराच कोणी असल्याच्या कथा पसरल्या. त्यांतील अब्राहम एन्लो या नावाची कथा तर १८९९ मध्ये जेम्स कॅथी यांनी पुस्तकरूपाने मांडली.

विवाहाची नोंद शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत होती. तिचे मुख्य ठाणे स्प्रिंगफील्ड हे केंटकीतील असून लिंकन यांच्या इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डशी त्याचा संबंध नाही. परवाना वधू राहत असलेल्या काउंटीतून काढण्याची रीत होती आणि नॅन्सी लग्नापूर्वी बेरी कुटुंबासोबत त्या काउंटीत राहत होती. ही साधी गोष्ट शोधणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. १८७८ मध्ये तेथील कारकून डब्ल्यू. एफ. बुकर यांना दोन कागद सापडले. १० जून १८०६ चे ५० पौंडांचे बंधपत्र थॉमस लिंकन व रिचर्ड बेरी यांनी लिहून दिले होते. विवाहास कायदेशीर अडथळा नाही, अशी ती हमी असे. दुसरा कागद म्हणजे मेथडिस्ट धर्मोपदेशक जेसी हेड यांनी आपण लावलेल्या विवाहांची न्यायालयाला सादर केलेली यादी. तीत थॉमस व नॅन्सी यांच्या विवाहाची तारीख १२ जून १८०६ आहे. थोरली मुलगी सारा हिचा जन्म १० फेब्रुवारी १८०७ चा आणि अब्राहम यांचा १२ फेब्रुवारी १८०९ चा. अनौरसतेच्या प्रवादाला या दोन कागदांनंतर आधार उरला नाही, तरी कॅथी यांचे पुस्तक त्यानंतर एकवीस वर्षांनी निघाले हे विसरता येत नाही. बार्टन यांना १९२० मध्ये या साऱ्या कथा एकेक करून तपासणारा स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. सापडलेला कागद प्रवादापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

थॉमसविषयीच्या प्रतिमेची दुरुस्ती त्याहून उशिरा झाली. चरित्रकारांनी त्याला निरुद्योगी, भटक्या व जवळजवळ भिकारी रंगविले होते. मुलाची थोरवी वाढविण्यासाठी बापाला खाली ढकलण्याची ही रीत चरित्रलेखनात नवी नाही. लुईस ए. वॉरेन यांनी केंटकीतील करयाद्या, खरेदीखते व न्यायालयीन नोंदी चाळून १९२६ मध्ये वेगळे चित्र पुढे आणले. थॉमसने १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. १८०८ च्या अखेरीस २०० डॉलर रोख देऊन ३०० एकर घेतले. याच जमिनीवर अब्राहम यांचा जन्म झाला. तो ज्युरीत बसला होता, घोडे बाळगून होता आणि १८१४ च्या करयादीत नोंदलेल्या ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक १५ वा होता. जमिनी त्याच्या हातून गेल्या त्या सदोष हक्कांमुळे. केंटकीत मोजणीच्या गोंधळामुळे एकाच जमिनीवर अनेकांचे दावे असत, आणि नॉब क्रीकच्या जमिनीवरून तर त्याच्यावर व त्याच्या शेजाऱ्यांवर निष्कासनाचा दावा लागला. १८१६ मध्ये कुटुंबाने इंडियानाकडे स्थलांतर केले, त्याचे मुख्य कारण जमिनीच्या हक्कांतील अडचणी हेच असल्याचे खुद्द लिंकन यांनी लिहून ठेवले आहे.

दोन नॅन्सी हँक्स

नॅन्सीच्या मातापित्यांचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. १८५० च्या सुमारास न्यायालयाच्या कामासाठी एकत्र प्रवास करताना लिंकन यांनी आपल्याला सांगितले की, त्यांची आई ही लूसी हँक्स आणि व्हर्जिनियातील एक प्रतिष्ठित मळेवाला यांची विवाहबाह्य कन्या होती, असे हर्नडन यांनी नमूद केले. हे विधान १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रग्रंथातून जगापुढे आले. अनेकांना ते असह्य वाटले आणि त्याचे खंडन करणारी वंशावळ तयार करण्याची निकड निर्माण झाली.

कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी १८९९ मध्ये ती सादर केली. त्यांच्या हाती एक अस्सल कागद लागला होता. नेल्सन काउंटीतील जोसेफ हँक्स याने ८ जानेवारी १७९३ रोजी केलेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयात सिद्ध झालेले हे मृत्युपत्र. त्यात पाच मुलगे व तीन मुली यांची नावे असून प्रत्येक मुलाला घोडा व प्रत्येक मुलीला कालवड दिली आहे. एका मुलीचे नाव नॅन्सी. हीच लिंकन यांची आई, जोसेफ व नॅन्सी शिपली यांची औरस कन्या, असा निर्वाळा हिचकॉक यांनी दिला. थॉमसची आईही त्यांच्या मते शिपलीच असल्याने पतिपत्नी परस्परांची मावसभावंडे ठरत, हे मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. कागद खरा, मजकूर खरा, नावही खरे. तरीही ही मांडणी चुकीची होती.

बार्टन यांनी १९२० च्या दशकात तिचा फोलपणा दाखविला. हँक्स कुळात नॅन्सी हे नाव पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. मृत्युपत्रातील नॅन्सीचा पुढचा मागोवा घेता ती डेनिस हँक्सची आई निघते. डेनिसचा जन्म १७९९ चा, आणि ही नॅन्सी नंतर लेव्ही हॉल याची पत्नी झाली. म्हणजे ती लिंकन यांच्या आईची मावशी होती. मृत्युपत्रात लूसीचे नाव नाही, म्हणून लूसी जोसेफची कन्याच नव्हे, असे मानणेही त्यामुळे धोक्याचे ठरते. मर्सर काउंटीच्या दप्तरात तिचे नाव दोनदा येते. नोव्हेंबर १७८९ मध्ये विवाहबाह्य संबंधाच्या आरोपावरून ग्रँड ज्युरीने तिच्यावर ठपका ठेवला. पुढे २६ एप्रिल १७९० रोजी हेन्री स्पॅरो याच्याशी विवाहाचा परवाना काढण्यात आला, तेव्हा आपण सज्ञान असल्याचे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले. केंटकीच्या सरहद्दीवर राहणाऱ्या त्या काळच्या स्त्रीला लिहिता येत होते, ही नोंद वंशावळीपुरती गौण असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. विवाह ३ एप्रिल १७९१ रोजी झाला. मुलीवर ठपका आला होता आणि मृत्युपत्रातून तिचे नाव वगळले गेले, या दोन गोष्टींत संबंध असावा, हे अनुमान स्वाभाविक आहे.

वॉरेन यांना हे मान्य नव्हते. लूसी ही मूळची शिपली असून जेम्स हँक्स नावाच्या पुरुषाची विधवा होती आणि नॅन्सी ही त्यांची औरस मुलगी, अशी त्यांची भूमिका होती. थॉमसच्या बाबतीत करयाद्यांचा एवढा काटेकोर वापर करणारा अभ्यासक येथे मात्र कागदापेक्षा सद्भावनेवर विसंबला, असे म्हणणे भाग आहे. १८०६ च्या बंधपत्रावर रिचर्ड बेरीच्या सहीपुढे ‘पालक’ या अर्थाचा शब्द अशुद्ध वर्णांत लिहिला आहे. नॅन्सी पोरकी होती याचा तो पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. परंतु ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि कायद्याने तिला पालकाची आवश्यकता नव्हती.

बार्टन आणि वॉरेन यांच्यातील हा वाद कागदांच्या आधारे सुटला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याला वेगळी दिशा दिली. मायटोकाँड्रियल डीएनए हा केवळ आईकडून अपत्यांकडे जातो आणि पिढ्यान्पिढ्या जवळजवळ बदलत नाही. लूसीला स्पॅरोपासून झालेल्या मुलींच्या आणि जोसेफ हँक्सच्या इतर मुलींच्या मातृपरंपरेतील हयात वंशजांचे नमुने परस्परांशी जुळले. शिपली स्त्रियांच्या वंशजांशी ते जुळले नाहीत. लूसी ही जोसेफची व अ‍ॅन ली हिची कन्या, म्हणजे जन्माने हँक्स, असे त्यावरून ठरले. हिचकॉक आणि वॉरेन या दोघांनीही जिच्यावर भिस्त ठेवली होती ती शिपली शाखा वंशावळीतून बाहेर पडली.

या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. नॅन्सीची स्वतःची मातृपरंपरा शिल्लक नाही. तिची एकुलती एक मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात मरण पावली आणि तिचे मूलही जगले नाही. त्यामुळे जनुकीय चाचणी लूसीचे माहेर सांगू शकते, नॅन्सी लूसीची मुलगी होती हे थेट सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा साक्षी आणि कागद यांच्याकडेच वळावे लागते. साक्षी परस्परविरोधी आहेत. डेनिस हँक्स याने हर्नडन यांच्याकडे नॅन्सीचे माहेरचे नाव स्पॅरो असल्याचा हट्ट धरला होता, कारण ती स्पॅरो कुटुंबात वाढली होती आणि तिच्या जन्मावर पांघरूण घालण्याची त्याला इच्छा होती. वॉशिंग्टन काउंटीचे बंधपत्र त्याला खोडून काढते. लूसी १७९१ मध्ये स्पॅरो झाली आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी विवाहाच्या वेळी तिची मुलगी हँक्स या नावानेच ओळखली जात होती. लूसी विधवा असती तर हे नाव पित्याचे ठरले असते. ती जन्मानेच हँक्स होती हे आता कळल्यावर, बंधपत्रावरील ते नाव नॅन्सीला आईकडून मिळाले होते, हा त्याचा सरळ अर्थ होतो.